विशाखापट्टणला कशाला?

अक्का,

यंदा गच्ची रिकामी आहे. तुमचं वर्ष पाळायचं असल्यामुळे आपल्या घरात वाळवण नाही. बिबडे नाहीत, कुरडया नाहीत, साधा उडदाचा पापडसुद्धा नाही. समोरच्या भागाबाईंनी परवाच निरोप धाडला, "शालिनी, तुमच्या घरचं आम्ही करून देऊ, काळजी करू नका." काळजी कसली? या घरात सून म्हणून आल्यापासून पहिल्यांदा मला एप्रिल मोकळा मिळतो आहे. तुम्ही गेलात आणि जाताना माझी उन्हाळ्याची सुट्टी मंजूर करून गेलात. हे तुम्हाला ऐकवलं असतं तर तुम्ही पदर तोंडाला लावून हसला असतात आणि म्हणाला असतात, "आधी सांगायचं ना शालू, मागच्याच साली गेले असते."

बघा, लगेच तुमच्या तोंडी वाक्य घातलं. ही माझी जुनी खोड. घरात लग्न असो, बारसं असो, जेवणं झाली की पोरं मला धरून बसवतात, "काकू, ती गोष्ट सांगा." मी सांगायला लागते आणि तुम्ही मागून दुरुस्त्या करता. "गाडी लाल नव्हती, पांढरी होती." "ते मामा नाही पडले, मामी पडल्या." आता दुरुस्त करणारं कुणी उरलं नाही, त्यामुळे मलाच खरं सांगावं लागणार. अवघड आहे, पण प्रयत्न करते.

भेटायला येणारे विचारतात, "तुमच्या कोण?" मी म्हणते, "मोठ्या जाऊबाई." लगेच समोरच्याच्या चेहऱ्यावरचं दुःख जरा खाली उतरतं. बहीण म्हटलं असतं तर त्यांनी माझा हात धरला असता. जाऊ म्हटलं की "अच्छा, अच्छा" म्हणतात आणि भाऊजींकडे वळतात. जावेसाठी किती रडावं याचं आपल्याकडे एक माप ठरलेलं आहे, अक्का. मी ते केव्हाच ओलांडलं. शेवटी आमचे हे मला बाजूला घेऊन म्हणाले, "अगं, मंजूपेक्षा तू जास्त रडते आहेस, बरं दिसत नाही." मंजू तुमची पोटची लेक. तिच्या मानानं मी थोडं आवरतं घ्यायला हवं होतं, खरं आहे.

पण मंजूला तुम्ही विशाखापट्टणचं सांगितलं नव्हतं. ते मला सांगितलं होतं.

कुठून आलं हो हे गाव आपल्या घरात? भुसावळच्या फलाटावरून. जळगावचं कुठलंसं लग्न उरकून तुम्ही एकट्या बुऱ्हानपूरला परत येत होतात, गाडी लेट होती, आणि बाकावर तुमच्या शेजारी एक तिकडची बाई बसली होती. तिला मराठी येत नव्हतं, तुम्हाला तेलुगू येत नव्हतं आणि हिंदी दोघींनाही बेताचं. तिनं डबा उघडून तुम्हाला चिंचेचा भात दिला. तुम्ही विचारलंत, तुमच्या गावात काय आहे? ती म्हणाली, समुंदर है. शाम को सब लोग दीवार पे बैठता. तुम्ही विचारलंत, फिर? ती म्हणाली, फिर कुछ नहीं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आपण गच्चीवर. धोतराचं ओलं कापड पसरलेलं, मधे शिजलेल्या पिठाचं पातेलं, आणि आपण दोघी दोन टोकांनी बिबडे थापत मधल्या जागेकडे सरकत होतो. तुम्ही मला तो चिंचेचा भात सांगितलात, ती बाई सांगितलीत आणि मग थापायचं थांबलात. पीठ गार होत होतं, मला ते दिसत होतं, पण तुम्ही थांबलात.

"शालू, तिथं सगळं गाव संध्याकाळी भिंतीवर बसतं. समोर पाणी. कोणी कोणाला विचारत नाही, कायले बसला म्हणून."

"मग?" मी म्हटलं. तेव्हा मी नवी होते, पण मास्तरीण व्हायची लक्षणं होती.

"मग काही नाही. मले तिथं जायचं आहे."

जामा मशिदीच्या मिनारांवर ऊन आलं तेव्हा निम्मं कापडसुद्धा भरलं नव्हतं. त्या साली बिबडे जाड झाले. सगळं घर वर्षभर कुरकुर करत ते खात होतं आणि आपल्या दोघींनाच माहीत होतं की जाड कशानं झाले.

तुमच्या अटी दोनच. गावात आपलं नातेवाईक नको आणि देव नको. मला पहिल्यांदा हसू आलं. मग मी आठवून पाहिलं, आपण आजवर गेलो कुठे? कुणाच्या लग्नाला, कुणाच्या दहाव्याला, नवस फेडायला, इच्छापूरला देवीला. तुमचं सगळं आयुष्य कुणाला तरी तोंड दाखवण्यात नाहीतर कुणाचं तरी दर्शन घेण्यात गेलं. "मले असं गाव पाहिजे, जिथं मी आली काय न् नाही आली काय, कोणाचं काही अडत नाही," असं तुम्ही म्हणालात.

मग आपण समुद्र निवडायला बसलो. मी शाळेत सामाजिक विज्ञान शिकवते, नकाशा माझ्या हातचा. समुद्र मात्र मी छडीच्या टोकानंच पाहिलेला. मुंबई सुचवली, तिथं आपली नणंद. सुरत सुचवली, तर तुम्ही हातच जोडलेत, "अर्धा खानदेश बसला आहे तिथं, स्टेशनवरच कोणी तरी विचारेल, भाऊ नाही आले का?" पुरीला जगन्नाथ. कन्याकुमारीला देवी. गोव्याचं नाव मी हळूच घेतलं, तर म्हणालात, "तिथून आल्यावर लोक आपल्याकडं वेगळ्या नजरेनं पाहतील, आणि आपण काहीच केलेलं नसेल. नुसतं नुकसान." फिरून फिरून आपण त्या चिंचेच्या भाताकडे आलो.

भाऊजींना कळलं तेव्हा ते दुकानातून जेवायला आले होते. "विशाखापट्टणला कायले?" ते म्हणाले. "काय आहे तिथं?"

"ऊन असतं म्हणे छान. समुद्रावर."

"ऊन?" भाऊजींनी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरला. "बुऱ्हानपुरातून ऊन पाहायला तिकीट काढून जाणार? मे महिन्यात गच्चीवर जा ना, फुकट आहे. तापीच्या काठी राहतो आपण, सूर्याची लेक आहे ती, तिचा बाप रोज येतो इथं."

सगळे हसले. मीही हसले, कारण वाक्य चांगलं होतं. तुम्ही त्यांच्या पानात वरण वाढलंत आणि शांतपणे म्हणालात, "इथलं ऊन कामाचं असतं. गहू वाळवा, पापड वाळवा, गाद्या वाळवा. मले एकदा बिनकामाचं ऊन पाहायचं आहे."

भाऊजींना ते कळलं की नाही, माहीत नाही. मला कळायलाही फार वर्षं गेली.

ओंकारेश्वरची गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे की ती खरी घडली होती यावर माझाच विश्वास उडत चालला आहे. पण आज दुरुस्तीशिवाय सांगायची आहे. दिवाळीची सुट्टी होती आणि आपण खरोखर निघणार होतो. चूक एवढीच झाली की रीत पाळली. आपल्याकडे प्रवासाला निघताना शेजारपाजाऱ्यांना "येता का?" असं विचारायचं असतं. न विचारता गेलं की लोक धरून बसतात. विचारलं की समोरच्यानं "तुम्ही या जाऊन, आमचा नमस्कार सांगा" म्हणायचं असतं. दोन्ही बाजूंना माहीत असतं. त्या साली काय झालं कोण जाणे, सगळे "येतो" म्हणाले. भागाबाई येते म्हणाल्या. दुकानातले मुनीमजी सहकुटुंब येतो म्हणाले. भाऊजींनी कुठूनसं शोधून काढलं की विशाखापट्टणजवळ सिंहाचलम आहे, नरसिंहाचं जुनं देवस्थान, म्हणजे यात्राही घडेल. देवाचं नाव निघालं तशी म्हातारी माणसं तयार झाली. म्हातारी माणसं तयार झाली तसं एवढं लांब नको असं ठरलं. लांब नको, पण देव तर हवाच, म्हणून जवळचा देव बघू, असं करत करत एके दिवशी पहाटे आपण सगळे एका टेम्पोत बसून ओंकारेश्वरला निघालो. तुम्ही सगळ्यात मागच्या सीटवर, मांडीवर मुनीमजींचं उलटी करणारं पोर.

घाटावर सगळे नर्मदेत उतरले आणि तुम्ही पायऱ्यांवर बसलात. भोवती सगळ्यांचे कपडे, पिशव्या, चपला, चष्मे. मी ओल्या केसांनी वर आले आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हटलं, "अक्का, समुद्र नाही, पण पाण्याकाठी बसायला तर मिळालं."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "मी सामान राखत बसली आहे, शालू. याले बसणं नाही म्हणत."

ही गोष्ट सांगताना मी नेहमी उलटी करणाऱ्या पोरावर संपवते. लोक हसतात. पायऱ्यांवरचं हे वाक्य मी कधी सांगितलं नाही. तुम्हीही मागून कधी आठवण केली नाहीत.

त्यानंतर बेत आपण कुणाला कळू दिला नाही. तो फक्त गच्चीवर निघायचा, वाळवणाच्या दिवसांत, पातेलं गार होईपर्यंत. दरवर्षी काहीतरी आड यायचं: मंजूचं लग्न, माझ्या परीक्षा, भाऊजींचं ऑपरेशन. पण बेत वाढत गेला. कुठल्या गाडीनं जायचं, भुसावळला बदलायचं की खंडव्याला, डब्यात दशम्या न्यायच्या की धपाटे, हे सगळं ठरलं. खिडकी पहिल्या दिवशी तुमची, दुसऱ्या दिवशी माझी, हेही ठरलं. एकच भांडण मिटलं नाही. तिथं पोचल्यावर करायचं काय?

मी आपली सवयीनं वेळापत्रक करायचे. सकाळी किनाऱ्यावर पाणबुडी ठेवली आहे ती बघायची, दुपारी टेकडीवर रोपवेच्या झुल्यातून जायचं, संध्याकाळी भिंत.

"ही तुझ्या शाळेची सहल झाली," तुम्ही म्हणायचात. "रांगेत उभी कर मले, हजेरी घे."

"मग तुम्ही सांगा, काय करायचं?"

"सकाळी भिंतीवर बसायचं."

"मग?"

"कंटाळा आला की उठायचं."

"मग?"

"मग जरा पुढं जाऊन बसायचं."

"अक्का, दिवसभर? माणूस वेडा होईल!"

"तुले बसताच येत नाही," तुम्ही म्हणालात. हे यंदाच्या संक्रांतीनंतरचं. गच्चीवर छान कोवळं ऊन होतं, आपण तीळ निवडून उठलो होतो. "आधी इथं बसून दाखव. हातात काही घ्यायचं नाही. वह्या नाही, भाजी नाही, फोन नाही." मी ईर्षेनं बसले. तुम्ही बाजूला. थोडा वेळ बरा गेला. मग मला खाली दूध तापत ठेवलेलं आठवलं. मग दूध मी ठेवलंच नव्हतं हे आठवलं. मग दोरीवरची चादर वाऱ्यानं सरकली आणि मी उठून ती नीट केली. तुम्ही इतक्या हसलात की भागाबाई त्यांच्या गच्चीवरून डोकावल्या. "हरली मास्तरीण," तुम्ही म्हणालात.

मी म्हटलं, पुढच्या रविवारी पुन्हा बघू. पुढच्या रविवारी तुम्हाला ताप होता. त्याच्या पुढच्या रविवारी आपलं घर माणसांनी भरलेलं होतं.

आणि मग मी बसले, अक्का. सुतकात घरच्या बायकांनी चुलीला हात लावायचा नाही, जेवण शेजारून येतं, आपण सतरंजीवर बसायचं. लोक येतात, बसतात, उठतात, दुसरे येतात. दिवसच्या दिवस मी भिंतीला टेकून बसले. हातात काही नाही. एकदा भागाबाई पोळ्यांचा डबा घेऊन आल्या आणि मला तशी बघून दारातच रडायला लागल्या. त्यांना वाटलं मी खचले. मी मात्र मनात तुम्हाला म्हणत होते, बघा, बसले की नाही? आणि तुमच्याकडून काही उत्तर येत नव्हतं.

दहाव्याच्या आधी एका संध्याकाळी भाऊजींनी सगळ्यांना बोलावलं. अस्थी घाटावरच्या झाडाला बांधून ठेवल्या होत्या. भाऊजी सकाळ-संध्याकाळ जाऊन बघून येत होते. त्या दिवशी आले ते वेगळेच दिसत होते. खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "मी ठरवलं आहे. तिच्या अस्थी आपण विशाखापट्टणच्या समुद्रात नेऊ. तिची इच्छा होती. मी पुरी करतो."

मंजूनं पटकन तोंडावर हात घेतला. आमचे हे मान डोलवू लागले. भाऊजींनी सगळं बघून ठेवलं होतं. तिकडे विधी सांगणारे गुरुजी मिळतात. सिंहाचलमचं दर्शन होईल. मामांकडचे येतील, मुनीमजी तर पाहिजेतच, रेल्वेचा एक डबाच ठरवता येतो का ते विचारतो म्हणाले. त्यांचे डोळे लाल झाले होते आणि हात सारखे हलत होते. तुम्ही गेल्यापासून हा माणूस दगडासारखा बसून होता, त्याला पहिल्यांदा काहीतरी करायला मिळालं होतं. सगळ्या घराला बरं वाटलं. मला एकटीलाच घाम फुटला.

तुम्हाला माहीत आहे, एवढ्या वर्षांत मी भाऊजींशी समोरासमोर बोलले ते "चहा ठेवू का?" आणि "पान वाढलं आहे" एवढंच. बाकी सगळा व्यवहार तुमच्यामार्फत. मला वाटलं, आत्ता अक्का आतून येतील आणि माझं म्हणणं आपल्या शब्दांत सांगतील. आतून कुणी आलं नाही. मग मीच बोलले.

"भाऊजी, तिथं नका नेऊ."

सगळे माझ्याकडे बघू लागले. आमचे हे तर असे की जणू मी भर सभेत टेबलावर चढले.

"अक्कांना तिथं जायचं होतं," मी म्हटलं. "नेऊन सोडलेलं नको होतं. त्यांना काही कारण न घेता जायचं होतं. गुरुजी, दर्शन, सगळी माणसं... ते पुन्हा ओंकारेश्वर होईल. त्या पुन्हा मागच्या सीटवर बसतील."

मंजू माझ्याजवळ सरकली. मला वाटलं, आता भाऊजी रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मग मी काय करू, शालिनी? मले काही तरी करू द्या तिच्यासाठी."

मी खाली वाकून सतरंजीची कड सरळ करत राहिले.

मग तेच म्हणाले, "तिनं मले कधी 'चला' म्हटलं नाही. तुमच्यासोबत ठरवत राहिली. मी येतो म्हटलं असतं तर?"

अक्का, मी हे तुम्हाला एकदा विचारलं होतं आणि तुम्ही काय म्हणाला होतात ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. ते मी त्यांना सांगितलं नाही, सांगणारही नाही. पण त्यांनीच थोडं हसल्यासारखं केलं आणि डोळे पुसत म्हणाले, "मी आलो असतो तर तिथंही हिले चहा मागितला असता. भिंतीवर."

"दोनदा," मंजू म्हणाली.

आणि मग त्या खोलीत, तुमच्या फोटोपुढच्या दिव्यासमोर, आम्ही सगळे हसलो. भाऊजी हसता हसता इतके रडले की आमच्या ह्यांनी जाऊन त्यांचं डोकं छातीशी धरलं. दोघा भावांना मी असं कधी पाहिलं नव्हतं. तुम्हीही पाहिलं नसेल.

दहाव्याला तुम्हाला राजघाटावर तापीत सोडलं. पाणी कमी होतं, पण वाहतं होतं. भाऊजी गुडघाभर पाण्यात उतरले. माझ्यातल्या मास्तरणीला राहवेना. मी मनातल्या मनात हिशेब करत होते की तापी पश्चिमेला जाते, म्हणजे तुम्ही शेवटी सुरतेकडे निघालात. नातेवाईकांच्या गावाला. माफ करा, यापेक्षा चांगली नदी आपल्याकडे नव्हती.

तुमच्यामुळे मी शिकले हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. आपल्यात तसं म्हणायची पद्धत नव्हती, म्हटलं असतं तर तुम्ही "डोकं फिरलं का?" म्हणाला असतात. मी बी.एड. करत होते तेव्हा पहाटेचा सगळा स्वयंपाक तुम्ही एकटीनं ओढलात आणि सासूबाईंना सांगत राहिलात की शालू पाट्यावर वाटते आहे. मी आतल्या खोलीत वाचत असायचे. एकदा सासूबाई म्हणाल्या, वाटते आहे तर आवाज का येत नाही? तर तुम्ही भाजी सोडून दोन मिनिटं पाट्यावर नुसताच वरवंटा फिरवलात. आठवीनंतर शाळा सुटलेली बाई दुसऱ्या बाईच्या पुस्तकासाठी रिकामा वरवंटा फिरवते, याला काय म्हणायचं ते मी ज्या पुस्तकांतून शिकले त्यांत कुठेही लिहिलेलं नव्हतं.

म्हणून मी जाणार आहे, अक्का. "म्हणून" म्हटलं खरं, पण ते कारण नाही. तुम्ही कारण नको म्हणाला होतात. मी नुसती जाणार आहे.

घरात सांगितलं तेव्हा आमच्या ह्यांनी तोच प्रश्न विचारला, विशाखापट्टणला कशाला? मी म्हटलं, बसायला. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मुलगा म्हणाला, आई, मोबाइलवर एका मिनिटात बुक करतो, घरच्या ग्रुपवर टाकतो म्हणजे कुणाला यायचं असेल तर... मी फोन काढून घेतला. शेजारी मी अजून कुणाला "येता का?" विचारलेलं नाही. भागाबाईंना कळेल तेव्हा त्या वर्षभर बोलणार नाहीत, आणि पापड तर त्यांच्याकडूनच यायचे आहेत. बघू.

भाऊजी परवा दुकानात निघताना दारात थांबले. चपला घातलेल्या, हात कडीवर. "जाऊन या," म्हणाले, "इकडची काळजी करू नका." मी मान हलवली. "पोचल्याचा फोन करा." मी म्हटलं, करते. ते दोन पायऱ्या उतरले आणि परत आले. "नाही, नका करू." पुन्हा उतरले. फाटकापाशी जाऊन तिथून म्हणाले, "करा."

काल शाळेतून रिक्षानं लालबागला, आपल्या बुऱ्हानपूरच्या स्टेशनवर गेले. रांगेत उभी राहिले, फॉर्म भरला. नाव विचारतात, वय विचारतात, गाडीचा नंबर विचारतात. कशाला जाता, असं रेल्वे विचारत नाही. एवढी वर्षं मला हे माहीत नव्हतं.

खिडकीतल्या बाबूनं कागद बघून विचारलं, "कितने? एक?"

"एक," मी म्हटलं. वाटलं होतं तेवढं अवघड गेलं नाही.

"वापसी का भी?"

मागचा माणूस म्हणाला, "मॅडम, जरा जल्दी." अक्का, इतके उन्हाळे आपण जाण्याचं ठरवत बसलो. गाडी, डबा, खिडकी, भिंत. येण्याचं आपण एकदाही बोललो नाही, हे मला त्या खिडकीपाशी कळलं. तुमच्या मनात काय होतं? किती दिवस राहणार होतो आपण? कोणत्या वारी परत येणार होतो? येणार तरी होतो ना? तुमच्याशिवाय हे कुणाला माहीत असणार, आणि बाबूचं पेन थांबलेलं होतं.

"हाँ, दे दीजिए," मी म्हटलं, आणि तुम्हाला न विचारता मंगळवार सांगून टाकला.